पाटोदा ते फ्रँकफर्ट, मोतीसोबत

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडी, शेळ्या असा सगळा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रचतात आणि सांगली-कोल्हापूरकडे, काही तर थेट कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. गाठोड्यांवर बसलेलं एखादं कुत्रंही सोबत असतं. राज्याची हद्द ओलांडताना त्याला कुणी कागद विचारत नाही. त्याच दिवसांत आम्हीही मोतीला घेऊन निघालो होतो, जर्मनीला. तिच्या कागदांची फाईल माझ्या फाईलीपेक्षा जाड होती.

मोती गावठी कुत्री, माझ्या वहिनीने वाढवलेली. वहिनी गेली, घराला कुलूप लागलं. जर्मनीत नोकरी करणारी भाची म्हणाली, “आत्या, मोतीला मी नेणार, आणि तूही चल.” तयारी एप्रिलमध्येच सुरू केली.

युरोपीय संघाच्या नियमांत क्रमाला फार महत्त्व. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. मोतीला गावच्या शिबिरात लस टोचलेली होती, कार्डही होतं. पण चिपच्या आधीची लस तिकडे धरत नाहीत, कारण ती याच कुत्र्याला दिली याला पुरावा काय? म्हणून पुण्याला नेऊन तिच्या मानेजवळ, कातडीखाली जेमतेम सेंटीमीटरभर लांबीची चिप बसवली. यंत्र जवळ नेलं की १५ आकडी क्रमांक उमटतो. मग पुन्हा लस. त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. रक्तजलाच्या एका मिलिलिटरमध्ये रेबीजविरोधी प्रतिपिंडं किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरावी लागतात. मोतीची भरली. तरी भारतातून येणाऱ्या कुत्र्याला रक्त काढल्यापासून तीन महिने थांबावंच लागतं. आधीच विषाणू शिरला असेल, तर बहुधा एवढ्या काळात लक्षणं दिसतात.

या तीन महिन्यांत मोतीला पेटीची सवय लावली. विमानाची पेटी अशी हवी की कुत्र्याला आत उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता यावं. वहिनीची जुनी वाकळ आत अंथरली आणि मोती आपणहून तिच्यात झोपायला लागली. गुंगीचं औषध मात्र द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उंचावर त्याने श्वासाला आणि रक्तदाबाला त्रास होऊ शकतो.

पहाटे निघालो. सौताड्याच्या दरीत धुकं भरलं होतं. रस्त्याकडेला बाया सीताफळांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. बीडच्या या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. जामखेड, आष्टी, कडा करत अहिल्यानगर गाठलं, आणि पुणं मागे टाकून रात्री मुंबईत पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी केंद्र सरकारच्या पशू विलगीकरण व प्रमाणन सेवेच्या कार्यालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी मोतीच्या मानेवरून यंत्र फिरवलं. पडद्यावरचा क्रमांक, लसीच्या कार्डावरचा आणि प्रयोगशाळेच्या अहवालावरचा, असे तिन्ही त्यांनी एकेका आकड्याखाली बोट ठेवून जुळवले. एक आकडा चुकला असता तरी सहा महिन्यांची मेहनत वाया गेली असती. मोतीला तपासून त्यांनी आरोग्य प्रमाणपत्रावर सही-शिक्का केला. ते मिळाल्यापासून १० दिवसांच्या आत युरोपात दाखल व्हावं लागतं.

विमानतळावर मोतीला बाहेर काढून रिकामी पेटी यंत्रातून तपासली, मग तिला पुन्हा आत घेतलं. ती एकदाच भुंकली आणि वाकळेवर बसली. रात्रभर भाचीचा डोळ्याला डोळा लागला नाही, माझाही.

फ्रँकफर्टला उतरल्यावर प्राणी सोबत असेल तर हिरव्या वाटेने बाहेर पडता येत नाही. लाल वाटेने जाऊन सीमाशुल्क अधिकाऱ्याला सांगावं लागतं. त्यांनीही चिप वाचली, कागद ताडून पाहिले आणि आम्हाला सोडलं.

एवढी कडक तपासणी का, हे तिथे राहिल्यावर उमगलं. जंगलात लशीची आमिषं टाकून जर्मनीने कोल्ह्यांमधला रेबीज संपवला आणि २००८ मध्ये देश या रोगापासून मुक्त जाहीर झाला. वर्षानुवर्षांच्या कष्टाने मिळवलेलं ते जपतात. आपल्याकडे जगातल्या रेबीजमृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ वाचत नाही, आणि वेळेवर लस मिळाली तर हा मृत्यू टळतो.

कुत्रं परदेशी न्यायचं असेल तर निदान सहा महिने आधी कामाला लागा आणि त्या देशाचे नियम स्वतः वाचा. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रं घेतच नाही. ब्रिटनला शिवाय प्रवेशाच्या २४ ते १२० तास आधी फीतकृमीचं औषध द्यावं लागतं. पण जी लस परक्या देशाच्या दारात सक्तीची आहे, ती आपल्या दारच्या कुत्र्यालाही दरवर्षी टोचा. ऊसतोडीच्या खोपीत पोरं त्याला बिलगूनच झोपतात. आणि कुत्रं चावलंच, तर जखमेला हळद-चुना न लावता ती साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.