ढाक्याच्या सोहळ्यातील नाशिक

शेजारच्या घरी मंगलकार्य निघाले म्हणजे आपल्या घरातून कोणी तरी तेथे जातेच. वडीलधाऱ्यांना सवड नसली तर थोरल्या मुलाला धाडतात. पण घर गैरहजर राहत नाही. राष्ट्राराष्ट्रांतही हीच रीत पाळली जाते. मित्रराष्ट्राच्या स्वातंत्र्याचा वर्धापनदिन आला की राष्ट्रपती, पंतप्रधान किंवा एखादा मंत्री तेथे जातो. पाहुणा एकटाच असतो. परंतु यजमानांच्या राष्ट्रगीताला तो उभा राहतो, तेव्हा त्याचा सारा देश उभा राहिला असे मानतात.

२६ मार्च २०२१ रोजी बांगलादेशाच्या स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव झाला. त्यासाठी भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी ढाक्याला गेले होते. त्याच वर्षी १६ डिसेंबरच्या विजयदिनाला राष्ट्रपती रामनाथ कोविंद सन्माननीय पाहुणे होते. दोन्ही देशांची राष्ट्रगीते रवींद्रनाथ ठाकुरांची. पाहुणा आणि यजमान परस्परांच्या गीताला मान देतात, तेव्हा तो मान एकाच कवीच्या चरणी पोहोचतो!

या मैत्रीत नाशिकचाही एक वाटा आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. नाशिकरोडला सरकारी मुद्रणालय आहे. तेथील लोक त्याला नुसते ‘प्रेस’ म्हणतात. टपाल तिकिटे तेथे छापली जातात आणि परदेशी जाणाऱ्या भारतीयाची ओळख पटवणारे पारपत्रही तेथेच छापले जाते.

६ डिसेंबर १९७१ रोजी भारताने बांगलादेशाला मान्यता दिली आणि दहा दिवसांनी युद्ध संपले. देश स्वतंत्र झाला. पण बाजाराला निघालेल्या माणसाच्या खिशात अजून पाकिस्तानी नोटच होती. झेंडा आपला, गीत आपले, आणि तांदूळ घ्यायचा तो परक्याच्या पैशाने! तेथील चलनाला टका म्हणतात. टका छापायचा खरा. पण छापणार कोठे? देशात नोटांचा छापखानाच नव्हता. तो भार नाशिकरोडने उचलला. ४ मार्च १९७२ रोजी एक टका आणि शंभर टका या नोटा चलनात आल्या. त्यांवर नव्या देशाचा नकाशा होता. त्या छापणाऱ्या कामगारांपैकी कितीकांना वरची बंगाली अक्षरे वाचता आली असतील? पण त्यांचे काम वेळेवर पोहोचले. पंतप्रधान इंदिरा गांधी १७ मार्चला ढाक्यात उतरल्या. नाशिकच्या नोटा त्यांच्या तेरा दिवस आधी तेथे फिरू लागल्या होत्या. स्वातंत्र्याचा पहिला वर्धापनदिन आला, तेव्हा मिठाईचे दाम आपल्या टक्यात मोजता आले.

पुढे या नोटांची नक्कल होईल अशी शंका निघाली आणि त्या लवकरच मागे घेण्यात आल्या. मदतीला नेहमी कौतुकच मिळते असे नाही. कालांतराने बांगलादेशाने गाजीपूरला स्वतःचा छापखाना उभारला, आणि ते योग्यच झाले. स्वतंत्र देशाने आपली नोट आपणच छापावी. दोन्ही देशांचे संबंधही सदा एकसारखे राहिले नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तांतर झाले आणि त्यानंतर दुरावा वाढला. शेजारधर्मात असे दिवसही येतात.

नकाशाच्या त्या जुन्या नोटा आता संग्राहकांच्या वह्यांतूनच पाहायला मिळतात.