मेलबर्नमधील एकशे वीस तास

मेलबर्नमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात मूल सोळा वर्षांचे झाले, की आई-वडिलांच्या सुट्टीच्या दिवसांचा हिशेब बदलतो. कारण व्हिक्टोरिया राज्याच्या नियमानुसार २१ वर्षांखालील शिकाऊ चालकाला पूर्ण परवानाधारकाच्या देखरेखीखाली किमान १२० तास, आणि त्यांपैकी २० तास रात्री, मोटार चालवावी लागते व प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते. बुऱ्हाणपूरसारख्या गावातून तेथे गेलेल्या, स्वतः महिन्याभरात परवाना मिळवलेल्या पालकांना ही अट सुरुवातीला जाचक वाटणे स्वाभाविक आहे.

या व्यवस्थेला टप्प्याटप्प्यांचा परवाना म्हणता येईल. वाहन चालवण्याचे स्वातंत्र्य एकदम न देता अनुभवाच्या प्रमाणात वाढवत न्यायचे, हे तिचे तत्त्व असून न्यूझीलंडने १९८७ मध्ये ती प्रथम पूर्ण स्वरूपात अमलात आणली. व्हिक्टोरियात सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो व तो किमान वर्षभर बाळगावा लागतो. पुढे रस्त्यावरील धोका वेळीच ओळखता येतो का, हे तपासणारी संगणकावरील परीक्षा आणि प्रत्यक्ष चाचणी उत्तीर्ण झाल्यावर अठराव्या वर्षी गाडीला लाल ‘पी’ पाटी लागते. ती एक वर्ष आणि नंतरची हिरवी पाटी तीन वर्षे राहते, म्हणजे पूर्ण परवाना बाविसाव्या वर्षाआधी हाती येत नाही. या सर्व काळात मद्याचा अंशही चालत नाही, आणि लाल पाटीच्या वर्षात भावंडांसारखे अपवाद वगळता १६ ते २१ वयाचा एकच सोबती गाडीत बसवता येतो.

या निर्बंधांमागील कारण असे, की शेजारी जाणते माणूस असताना नवशिक्याचे अपघात कमी होतात आणि तो एकटा चालवू लागल्यावर पहिल्या काही महिन्यांत ते सर्वाधिक होतात. गिअर आणि ब्रेक लवकर अंगवळणी पडतात. समोरचा काय करील याचा अंदाज मात्र दीर्घ सरावानेच येतो, आणि समवयस्कांच्या सोबतीत तो सहज चुकतो.

एकट्याने मोटार चालवण्याचे किमान वय भारतातही अठराच आहे, परंतु येथे शिकाऊ परवान्यानंतर ३० दिवसांनी चाचणी देता येते आणि ती उत्तीर्ण होताच बहुतेक बंधने संपतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी सोळाव्या वर्षाची एक पायरी आहे; लुनाच्या काळात तिला अर्थ होता, पण तशी पेट्रोलची वाहने बाजारातून जवळजवळ नाहीशी झाल्याने ती कागदावरच उरली. परिणामी बुऱ्हाणपुरात क्लासला जाणाऱ्या मुलाच्या हाती थेट ११० किंवा १२५ सीसीची स्कूटर येते आणि शहरातील शनवारा भागाच्या गर्दीतून निघून केळीचे ट्रक धावणाऱ्या इंदूर–इच्छापूर रस्त्यावर जाताना त्याला शिकवणारे कोणी सोबत नसते.

२०१९ च्या दुरुस्तीने आणलेले कलम १९९ अ कठोर आहे: अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. तरीही १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप असलेल्या मोटारीने मध्य प्रदेशातील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. शिक्षेची भीती पकडले जाण्याच्या शक्यतेवर अवलंबून असते आणि शिकवण्याचे काम ती करू शकत नाही. मेलबर्नच्या नियमाने हे काम पालकांच्या वेळेवर सोपवले आहे.

हा संपूर्ण साचा भारतात उचलून आणणे सोपे नाही, कारण तो मोटारीसाठी घडला आहे आणि दुचाकीवर शिकणाऱ्याला मागे बसून सावरणे अवघड असते. परंतु ३० दिवसांच्या प्रतीक्षेऐवजी नोंदवलेल्या सरावाचे तास मोजणे आणि पहिल्या वर्षी मित्राला मागे बसवण्यास मनाई करणे, या दोन गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. दुसरी तर बुऱ्हाणपुरातील कोणतेही घर कायद्याची वाट न पाहता, किल्ली देतानाच, लागू करू शकते.