गेंडा तीन, सिंह दोन

माझी तिन्ही नाणी चार आण्याची आहेत. एका बाजूला गेंडा, दुसऱ्या बाजूला सिंह. २०११च्या जूनअखेर चार आणे चलनातून बाद झाले, तेव्हा ही तीन डबीत तशीच राहिली. ई-चिंग या जुन्या चिनी पुस्तकाला प्रश्न विचारायला चौकोनी भोकाची चिनी नाणी हवीत असं काही नाही, पण चालती नाणी नकोत. एकदा माझं एक नाणं विरार स्टेशनच्या रिक्षाच्या सुट्ट्यात गेलं होतं.

गेंड्याचे तीन, सिंहाचे दोन. तिन्ही नाणी एकदम टाकायची आणि बेरीज करायची. सात आले तर अखंड रेघ, आठ आले तर मधोमध तुटलेली. सहाची रेघ तुटलेली, नऊची अखंड, पण या दोन्ही पालटणाऱ्या. असं सहा वेळा करायचं आणि रेघा खालून वर मांडत जायच्या, भिंत बांधतात तशा. पुस्तकातल्या ६४ आकृत्यांपैकी एक तयार होते. पालटणारी रेघ असली तर तिच्यातून दुसरी निघते. शंभरात साधारण १८ वेळा एकही रेघ पालटत नाही. असं झालं की मला उगीच हिरमुसायला होतं.

मूळ रीत काड्यांची, ५० काड्यांची. तिला वेळ फार लागतो आणि सहा-नऊ पडण्याचं प्रमाणही तिच्यात वेगळं. रिचर्ड विल्हेल्मचं जर्मन भाषांतर १९२४चं. त्याच्या इंग्रजी आवृत्तीला मानसशास्त्रज्ञ युंगने प्रस्तावना लिहिली, तीही त्या पुस्तकालाच नाण्यांनी प्रश्न विचारून. म्हणजे नाण्यांचा आळस मोठ्यांनीही केलाय.

आई कुडाळकडची. तिच्या लेखी हा कौलच. देवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि उजवी पडते की डावी ते बघायचं. पण कौल हो किंवा नाही सांगतो. इथे हो-नाहीचा प्रश्न विचारला की उत्तर हातातून निसटतं. माझी पहिली दोन वर्षं "घेऊ का? जाऊ का?" असलंच विचारण्यात गेली. प्रश्न वहीत लिहून काढायचा, तो दोनदा खोडायचा, मग नाणी हातात घ्यायची, एवढं कळायला वेळ लागला. खरी मेहनत इथेच आहे. नाणी काय, पोरंही टाकतात.

गेल्या जूनमध्ये लिहिलं : शिवणाच्या क्लासचं आता काय चाललंय? "बंद करू का" हे खोडून. सोसायटीचा टँकर आला नव्हता. पहिल्याच फेकीत तिन्ही सिंह, म्हणजे सहा. मग सात, सात, आठ, सात, आठ. अठ्ठेचाळिसावी आकृती, विहीर. तळची रेघ पालटणारी, आणि तिचं म्हणणं असं की गाळ साचलेल्या विहिरीवर पाखरूसुद्धा येत नाही. वाघोली-नंदाखालकडची बावखलं डोळ्यांसमोर आली. पूर्वी त्यांच्या पाण्यावर वाड्या शिंपत. काही बुजवली, काहींवर शेवाळ. क्लासला चार मुली उरल्या होत्या. माझे नमुने दहा वर्षांपूर्वीचे.

उत्तर आवडलं नाही. मी नाणी पुन्हा उचलली.

"देवाक एकदाच इचारतत," आई ओट्यापाशी उभी राहून म्हणाली.

तिला ठाऊक नव्हतं, पण चौथ्या आकृतीत हेच आहे : पहिल्यांदा विचाराल तर सांगेन; तेच पुन्हा विचारणं म्हणजे पिरपिर. मी नाणी खाली ठेवली आणि दुसरी आकृती काढली. तळची रेघ जोडली की विहिरीची होते पाचवी आकृती, वाट पाहणे. ढग वर चढलेत, पाऊस पडलेला नाही. तोवर माणसाने खावं-प्यावं, मजेत राहावं. खिडकीबाहेर अर्नाळ्याच्या बाजूला काळं आभाळ होतं आणि गच्चीवरच्या टाकीत खडखडाट.

"काय सांगितल्यान?" आईने विचारलं.

"गाळ काढ म्हणतो. आणि तोवर वाट बघ, जेव."

"मगे मी कुकर लावतंय," ती म्हणाली. "कालचा पाणी आसा बादलीत."