कौल

दहावीच्या निकालानंतर आठेक दिवसांनी धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, रिपोर्ट आलाय. संध्याकाळी येऊन जा." आवाज इतका पडलेला, की मला आधी रक्ताबिक्ताचाच रिपोर्ट वाटला. होता तो भाच्याच्या ॲप्टिट्यूड टेस्टचा.

गेले तर सोप्यावर अख्खं घर जमलेलं. रंगीत पानं, आडव्या पट्ट्या, पट्ट्यांपुढे आकडे. भावजय म्हणाली, "ताई, भाषेत चाळीस, गणितात पंचावन्न. दहावीला गणितात अठ्ठ्याहत्तर होते हो त्याला! आणि हे बघा, कसल्या त्या आकृत्यांमध्ये ब्याण्णव. त्याचं काय लोणचं घालायचं?" भाचा खांबाला टेकून नखं कुरतडत होता.

आधी आकड्यांचा घोळ निस्तरला. ते मार्क नव्हते, पर्सेंटाईल होते. पंचावन्न म्हणजे त्याच्या बरोबरीच्या शंभरांतली साधारण पंचावन्न मुलं त्याच्या मागे. म्हणजे पोरगा मध्याच्या थोडा वरच. शिवाय मधे सगळ्यांचीच गर्दी असते. तिथे एक-दोन प्रश्न इकडचे तिकडे झाले तरी हा आकडा चांगला पाच-दहा घरं सरकतो. तेव्हा पंचावन्न आणि साठ यांत फरक शोधत बसू नये. ब्याण्णव आणि चाळीस यांतला फरक मात्र बघण्यासारखा.

आमच्या घरी मोठा निर्णय देवाला कौल लावल्याशिवाय होत नाही. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी त्याची टिंगल करत नाही. तिथे निदान भटजी आधी गाऱ्हाणं घालून प्रश्न नीट मांडतात. या रिपोर्टला आम्ही प्रश्नच विचारला नव्हता, नुसत्या पाकळ्या मोजत बसलो होतो.

मग विचारले. ही चाचणी कुठल्या भाषेत झाली? इंग्रजीत. आमचा बाब चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत, पाचवीपासून इंग्रजी, घरात कोंकणी. गोव्यातली कितीतरी मुलं याच पायऱ्यांनी चढतात. ज्या मुलांशी त्याची तुलना केली ती कुठली? रिपोर्टात नुसतं 'राष्ट्रीय नमुना' छापलेलं. त्यात पहिलीपासून इंग्रजीत शिकलेली शहरी मुलं किती, कोणास ठाऊक! मग त्या चाळिसात तर्क किती मोजला गेला आणि इंग्रजी किती? उत्सवाच्या नाटकात विंगेत उभा राहून हाच पोर तिन्ही अंकांचं प्रॉम्प्टिंग करतो, कोण कुठे वाक्य गाळणार हेही आधी ओळखतो. याला भाषा येत नाही असं मी तरी म्हणणार नाही.

मला एवढा पुळका का, तर १९८५ साली माझीही अशीच चाचणी झाली होती. एका भागात माझा आकडा सगळ्यांत वर. त्या भागाचं नाव 'क्लेरिकल'. वडिलांनी ते वाचलं, 'कारकुनी' म्हणाले आणि विषय संपला. मला मराठी घेऊन एम. ए. करायचं होतं. एकतीस वर्षं बँकेत काढली. वाईट गेली असं नाही, पेन्शनही येते. पण त्या भागात करायचं काय होतं, तर अक्षरं-आकड्यांच्या जोड्या भराभर ताडून सारखी जोडी शोधायची. नजर आणि चिकाटी, बस्स. ती मुद्रितं तपासायलाही लागते, प्रयोगशाळेतही लागते, जुन्या पोथ्यांची पाठभेदं लावायलाही लागते. हे मला पन्नाशीनंतर कळलं. वडिलांनी नाव वाचलं, काम वाचलं नाही.

म्हणून भाच्याच्या ब्याण्णवाचंही काम आधी पाहिलं. सपाट कागदावरची आकृती मनातल्या मनात घडी घालून तिचा डबा कसा होईल ते सांगायचं. "अरे, हे तर मी नेहमीच करतो," तो पहिल्यांदाच बोलला. गेल्या उत्सवात आमच्या एवढ्याशा रंगमंचावर वाड्याचा जिना बसत नव्हता. यानेच बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, दुमडून नमुना करून दाखवला होता. सुतारानं तो बघूनच जिना केला.

भाऊ लगेच म्हणाला, "म्हणजे आर्किटेक्ट!" उजवी पाकळी पडली! मी म्हटलं, थांब. फ्रँक पार्सन्स नावाच्या बॉस्टनच्या गृहस्थाचं व्यवसाय निवडण्यावरचं पुस्तक १९०९ साली, त्याच्या मृत्यूनंतर आलं. त्याचं म्हणणं, स्वतःला ओळखा, कामाला ओळखा आणि मग दोन्हींचा मेळ घाला. आपण मधली पायरी गाळतो. चाचणी काय जमेल त्याचा अंदाज देते. आवडेल का, हे तिला ठाऊक नसतं.

मडगावातल्या एका ओळखीच्या वास्तुविशारदाकडे त्याला चार शनिवार पाठवलं. काम कसलं, तर जुन्या घराची मापं घ्यायचं. टेप धरायची, आकडा लिहायचा, पुन्हा टेप धरायची. दुसऱ्या शनिवारी जाणार नाही अशी माझी अटकळ होती. गेला. तिसऱ्या शनिवारी चिडून परतला, कारण भिंतीचा कोपरा काटकोनात नव्हता आणि त्याचा सगळा आराखडा चुकला होता. रात्री जेवण टाकून तो पुन्हा काढत बसला. मी भावाला म्हटलं, हा आकडा रिपोर्टात नाही बघ.

अकरावीला सायन्स घेतलं, गणित ठेवून. वास्तुशास्त्राला बारावीत गणित लागतं, शिवाय 'नाटा'ची प्रवेश परीक्षा, जी २००६ पासून होते. पंचावन्न आकडा बघून गणित सोडलं असतं तर ते दारच बंद झालं असतं. आता गणिताला शिकवणी आहे आणि कुरकुरही आहे. बारावीपर्यंत त्याचं मन बदललं तरी सायन्स कुठे वाया जात नाही, असं भावजयीला तीनदा सांगून झालंय.

परवा भावाकडे कपाट उघडलं, तर तो रिपोर्ट भाच्याच्या जन्मपत्रिकेच्या गुंडाळीत नीट गुंडाळून ठेवलेला!