निःशस्त्र केलेला जंतू

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे सोडून कोलाडकडे निघाले की वाटेत आमचे खांब लागते. गावातील आमच्या पिढीच्या बहुतेकांच्या डाव्या दंडावर बीसीजीचा एक लहानसा गोल व्रण आहे. त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. आमच्या वहिनींना मात्र तो पाहवत नाही. थोरल्या बंधूंच्या दंडावरही तो होता आणि तरीही वयाच्या ३९व्या वर्षी ते छातीच्या क्षयाने गेले. सुनेचे दिवस भरत आले तेव्हा वहिनींनी आम्हांला विचारले, "भावजी, जिवंत जंतू त्या एवढ्याशा जिवाच्या अंगात घालायचा? ज्यांना घातला त्यांचे काय झाले, ते आपण पाहिलेच ना?"

प्रश्न अडाणी नव्हता. १९३० साली जर्मनीतील ल्युबेक शहरात या लसीत रोगकारक जंतू मिसळले गेले आणि सत्तरांवर अर्भके दगावली. निर्बल जंतू आणि मारक जंतू यांत अंतर किती, हे जाणून घेणे आम्हांला अगत्याचे वाटले.

काल्मेट आणि गेरँ या दोघा फ्रेंच संशोधकांनी १९०८ साली गाईच्या क्षयाचा जंतू घेतला. ग्लिसरीन व बैलाचे पित्त लावलेल्या बटाट्याच्या फोडींवर तो वाढवायचा, दर तीन आठवड्यांनी नव्या फोडीवर न्यायचा. असे २३० वेळा, १९२१पर्यंत! चिकाटी म्हणावी ती याला. जंतू निर्बल झाला खरा. पण त्याचे नेमके काय हरपले हे त्यांना ठाऊक नव्हते. जनुकांचा एक तुकडाच त्यातून गळून पडला होता, हे १९९६ साली उघड झाले. आता तो जंतू जगतो, शरीराला शत्रूची ओळख पटवतो. घाव घालण्याचे एक मोठे शस्त्र मात्र त्याच्यापाशी नाही.

वहिनींना आम्ही हे सांगितले आणि उरलेले सत्यही लपवले नाही. ही लस तान्ह्या मुलांना मेंदूच्या क्षयापासून व सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून चांगले रक्षण देते. मोठेपणी फुप्फुसांना होणाऱ्या क्षयापुढे ती अपुरी पडते. तमिळनाडूतील चिंगलपुट येथे १९६८ साली सुरू झालेल्या प्रचंड चाचणीत हेच दिसून आले. बंधूंच्या बाबतीत लस खोटी ठरली नाही. त्या वयाला पुरेल एवढे तिचे बळच नव्हते. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग "बाळापुरती तरी टोचा," एवढेच म्हणाल्या.

योगायोगाने जे घडले ते आता हेतुपूर्वक घडवले जात आहे. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत बीसीजीतील एक जनुक काढून दुसरे घालण्यात आले. ती लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने हाती घेतली, आणि २०१९ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने क्षयरुग्णांच्या घरातील माणसांवर तिची मोठी चाचणी सुरू केली.

आम्हांला अधिक कुतूहल वाटते ते स्पेनमधील सारागोसा विद्यापीठातील कामाचे. कार्लोस मार्तिन यांनी गाईचा नव्हे, माणसाच्याच क्षयाचा जंतू घेतला आणि त्याची दोन जनुके काढली. एक, रोगकारक गुणांची सूत्रे हलवणारे; दुसरे, जंतूच्या मेणचट कवचातील एक घातक द्रव्य बनवण्यास लागणारे. एक काढून भागले नसते काय? भागले असतेही, पण कुलूप एकच असेल तर घरधन्याला झोप लागत नाही. जनुक मुळातूनच कापून टाकले की जंतूला ते सहजी परत मिळत नाही, आणि दोन निरनिराळी कापल्यास जुना स्वभाव परतण्याची भीती जवळजवळ उरत नाही. बीसीजीत गळालेला तुकडा या जंतूत शाबूत असल्याने शरीराला शत्रूचा चेहराही अधिक पुरता दिसतो.

हैदराबादच्या भारत बायोटेकने २०२४ साली या लसीच्या चाचण्या भारतात सुरू केल्या. त्या प्रौढ माणसांवर आहेत. आधी ती निर्धोक आहे का, मात्रा किती हवी, हे पाहायचे आणि मग ती रोग रोखते का, हे. आणि क्षय हा सावकाश चालणारा रोग असल्याने या शेवटच्या उत्तराला वर्षे लागतात.