पसाऱ्याचे नियम

मूल वर्षाचे होऊन पायांवर उभे राहिले की ते ३ वर्षांचे होईपर्यंत घराचा ताबा त्याच्याकडे असतो. औषधे, कात्र्या, चष्मे आणि टीव्हीचा रिमोट एकेक करून उंचावर चढतात, खालचे कप्पे रिकामे होतात, काचेचा टीपॉय आतल्या खोलीत जातो आणि ओट्याखालच्या कपाटाला दोरी बांधली जाते. पाहुण्यांना असे घर अस्ताव्यस्त दिसते. पसारा घालणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर मात्र तिथे कडक शिस्त असते. मूल एकच कृती ठरलेल्या पद्धतीने अनेकदा करते, तिचा परिणाम तपासते, आणि त्याचा क्रम कोणी मोडला तर मोठ्यांपेक्षा जास्त संतापते. एकाच छपराखाली अशा दोन शिस्ती नांदतात, म्हणून घरात तारांबळ उडते आणि हसूही येते.

मुलाचा पहिला अभ्यासविषय चालणे हा असतो. बहुतेक मुले ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान चालू लागतात. न्यू यॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची पावले मोजली होती. मोकळे खेळणारे मूल तासाला सरासरी २३६८ पावले टाकत होते आणि १७ वेळा पडत होते. तासाभरात इतक्या आपट्या खाल्ल्या तर मोठा माणूस चालण्याचा नाद सोडेल. मूल पडते, आजूबाजूला नजर टाकते, बघणाऱ्याच्या चेहऱ्यावरून रडायचे की नाही ते ठरवते आणि उठते. मराठी घरांत या निर्णयाच्या क्षणी आजी मध्ये पडते. ती जमिनीला चापट मारते, बाळाला पाडल्याबद्दल फरशीला रागावते, मुंगी मेल्याची बातमी देते, आणि मूल रडणे विसरून मुंगी शोधायला लागते.

चालायला शिकणाऱ्यासाठी पूर्वी घरोघरी लाकडी पांगुळगाडा असे. मूल त्याला धरून उभे राहते आणि तो ढकलत चालते, म्हणजे वजन स्वतःच पेलते. चाकांच्या वॉकरमध्ये मूल बसून पायांनी जमीन रेटते. त्यामुळे चालणे लवकर येत नाही, आणि जिन्यावरून गडगडण्याचा धोका वाढतो. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली.

पाय सुटले की हात मोकळे होतात आणि वस्तू खाली पडू लागतात. जेवायला बसलेले मूल वाटी टाकते. वाटी उचलून दिली की पुन्हा टाकते, या वेळी हात लांब करून. मग चमचा, मग पोळीचा तुकडा, मग पुन्हा वाटी. उचलणाऱ्याला हा छळ वाटतो. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे याने आपल्या तीन मुलांच्या बारीक नोंदी ठेवल्या होत्या. त्याचा मुलगा लोराँ १० महिन्यांचा असताना पाठीवर पडून एकेक वस्तू खाली सोडत असे, दर वेळी हाताची जागा बदलून, आणि ती कुठे पडते ते बघत असे. पियाजेच्या मते हे प्रयोगच होते: एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि निकाल पाहायचा. ताटाशेजारच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट तपासली जाते, ती म्हणजे वाटी उचलणाऱ्या माणसाची सहनशक्ती. तिचाही निकाल लागतो.

पुढचा टप्पा भरण्या-काढण्याचा. स्वयंपाकघरातल्या खालच्या खणातले डबे एकेक करून बाहेर येतात. मोठ्या डब्यात लहान डबा बसतो, लहानात मोठा बसत नाही, आणि तो का बसत नाही याचा तपास बराच वेळ चालतो. झाकणे वेगळी पडतात. सकाळी ऑफिसला निघालेल्या माणसाची किल्ली बुटात सापडते, मोबाइल तांदळाच्या डब्यात वाजतो, आणि कचऱ्याच्या बादलीत फेकलेला कागद मात्र नीट घडी करून कपाटात ठेवलेला असतो. आकाराचा अंदाज या वयात नुकताच तयार होत असतो. ज्युडी डीलोच आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यांतली काही मुले तळहाताएवढ्या खेळण्यातल्या मोटारीत शिरायचा मनापासून प्रयत्न करत होती, दार उघडून आत पाय घालत होती. मोटार कशासाठी असते हे त्यांना ठाऊक होते. ती आपल्याला पुरेल का, हा हिशेब अजून कृतीपर्यंत पोहोचला नव्हता.

पसारा घालणारे हेच मूल दुसऱ्याने केलेला बदल खपवून घेत नाही. आजोबांचा चष्मा काकाने डोळ्यांवर चढवला की ते ओरडते. बाबांची चप्पल पाहुण्याने पायात घातली तर ती काढायला लावते. शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरीने ‘बालपणाचे रहस्य’ या पुस्तकात इटलीतली एक घटना सांगितली आहे. एका आईने चालताना उकडते म्हणून अंगातला कोट काढून हातावर घेतला आणि दीड वर्षाचे मूल आकांत करू लागले. कोणाच्याही समजावण्याने ते थांबेना. आईने कोट पुन्हा अंगात घातला, तसे ते शांत झाले. कोट अंगात असतो, हातावर नसतो, एवढेच त्याचे म्हणणे होते. मॉन्टेसरीने यावरून या वयात व्यवस्थेची ओढ फार तीव्र असते असा सिद्धान्त मांडला. जगात नवख्या असलेल्या माणसाला काही गोष्टी तरी रोज तशाच सापडाव्या लागतात. चिऊ-काऊची गोष्ट रोज त्याच शब्दांत हवी असते ती यासाठीच. झोपेने पेंगुळलेल्या बाबाने चिऊच्या घराच्या दारावरची एखादी टकटक गाळली, तर मिटलेले डोळे उघडतात आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू होते.

शहरातल्या इमारतींत या ओढीची परीक्षा लिफ्टमध्ये होते. बटण दाबण्याचा मान मुलाचा. घाईत दुसऱ्या कोणी ते दाबले, की मूल लिफ्टच्या दारात फतकल मारते. चौथ्या मजल्यावर पोहोचल्याने काही सुटत नाही, कारण चुकीच्या पद्धतीने वर आलेले मूल वर आलेले नसतेच. मग पिशव्या दारात ठेवून बाप पुन्हा तळमजल्यावर जातो, मूल बटण दाबते, आणि दोघे कायदेशीररीत्या घरी येतात. सोलताना मोडलेल्या केळ्याला हा इलाज चालत नाही. केळे जोडता येत नाही, दुसरे दिले तर ते ‘ते’ केळे नसते, आणि घर डोक्यावर घेतले जाते.

अशा आकांतालाही घडण असते. मायकेल पोटेगाल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी २००३ मध्ये पालकांनी लिहिलेल्या वर्णनांवरून त्याचा अभ्यास केला. राग सुरुवातीलाच कळसाला पोहोचतो आणि ओसरतो. दुःख मात्र सोबत चालू असते आणि शेवटी तेच उरते. लाथा झाडणारे मूल थोड्याच वेळात ज्याच्यावर चिडले त्याच्याच मांडीत शिरते, त्याचे कारण हे. बहुतेक प्रसंग काही मिनिटांतच आटोपतात, फक्त ते वाण्याच्या दुकानात किंवा लग्नाच्या मांडवात घडले की लांबलचक वाटतात. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग या वयात फार कच्चा असतो आणि त्याची वाढ विशीतही चालू राहते. त्यामुळे भोकाड पसरलेल्या मुलाला दिलेले व्याख्यान वाया जाते. जवळ बसून राहणे, इजा होणार नाही एवढे पाहणे आणि वादळ सरले की पाणी पाजणे, हे जास्त कामाला येते.

दीड वर्षाच्या आसपास ‘नाही’ हा शब्द सापडतो आणि तो सर्व प्रश्नांना लागू होतो. आंघोळ? नाही. दूध? नाही. बाहेर जायचे? नाही, असे म्हणत मूल चप्पल घालते. यामागे एक मोठा शोध असतो: आपली इच्छा आणि दुसऱ्याची इच्छा वेगळी असू शकते. बेटी रेपाचोली आणि अॅलिसन गॉपनिक यांनी १९९७ मध्ये तो प्रयोगाने दाखवला. प्रयोग करणारी बाई मुलासमोर बिस्किटे खाऊन तोंड वाकडे करी आणि कच्ची ब्रोकोली खाऊन खूश होई, मग हात पुढे करी. १४ महिन्यांची मुले तिला आपल्या आवडीची बिस्किटेच देत. १८ महिन्यांची मुले नाइलाजाने ब्रोकोली देत. दुसऱ्याला वेगळे आवडते हे कळले, की त्याच्या विरुद्ध जाता येते हेही कळते. ‘नाही’ म्हणणारे मूल त्याची रोज खात्री करून घेते.

जेवणाच्या वेळी हा शोध घरच्यांच्या मुळावर येतो. दुसऱ्या वर्षात वाढीचा वेग पहिल्यापेक्षा बराच कमी होतो, भूकही त्या मानाने घटते, आणि नव्या पदार्थांबद्दल संशय वाढतो. काल आवडीने खाल्लेला वरणभात आज परका ठरतो. मग वाटी घेतलेली आजी पुढच्या खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून जिन्यात जाते. एक घास चिऊचा, एक काऊचा, एक रस्त्यावरच्या भूभूचा. नवा पदार्थ अनेकदा, सक्तीविना, थोडा थोडा समोर आला तर बहुतेक मुले तो हळूहळू स्वीकारतात. किती खायचे ते मुलावर सोडले तर आजीचेही पाय दुखत नाहीत.

बोलण्यातल्या गमतीही नियमांतून येतात. ‘पडलं’, ‘बसलं’, ‘मारलं’ ऐकून मूल क्रियापदाचा नियम काढते आणि ‘मी करलं’, ‘मला देलं’ असे बिनचूक तर्काने सांगते. चूक त्याची नसते. ‘केलं’ आणि ‘दिलं’ हे अपवाद करून ठेवणाऱ्या भाषेची असते. माणसांना हाक मारण्याचा नियमही ते ऐकून ठरवते. आई बाबांना ‘अहो’ म्हणते, तेव्हा त्यांचे नाव ‘अहो’ असणार. पूर्वीच्या एकत्र कुटुंबांत दीर मंडळी ज्या बाईला ‘वहिनी’ म्हणत, तिला तिची स्वतःची मुलेही वहिनीच म्हणत, आणि ती हाक जन्मभर टिके. ‘मी’ आणि ‘तू’ बोलणाऱ्याबरोबर बदलतात, म्हणून ते उशिरा जमतात. तोवर मूल ‘सोनूला पाहिजे’ म्हणत स्वतःविषयी राजासारखे बोलते.

या वयाची कमी दिसणारी बाजू मदतीची आहे. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दाखवले की १८ महिन्यांची मुले अनोळखी माणसाच्या हातून पडलेला कपड्याचा चिमटा न सांगता उचलून देतात आणि हात भरलेल्या माणसासाठी कपाटाचे दार उघडतात. घरात ही वृत्ती पोळ्यांच्या वेळी प्रकट होते. मुलाला कणकेचा गोळा हवा असतो, पोळपाट हवा असतो आणि लाटणे तर तेच हवे असते जे आईच्या हातात आहे. गोळा मळला जातो, जमिनीवर पडतो, पिठात लोळतो, करडा होतो आणि शेवटी नकाशासारखा आकार घेऊन तव्यावर पडतो. ती पोळी आजोबांनी खायची असते, आणि ‘छान झालीय’ असे शेवटच्या घासापर्यंत म्हणायचे असते. मदतनीस आल्याने काम दुप्पट लांबते, पण त्याला ओट्यापासून हाकलले तर पुढे मदत करू शकण्याच्या वयात ते ओट्याकडे फिरकत नाही.

मुलांच्या हाताला खरे काम देण्याच्या या तत्त्वावर महाराष्ट्रात एक मोठी शिक्षणपरंपरा उभी आहे. मॉन्टेसरी १९३९ मध्ये मद्रासला आल्या, त्याआधीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक भावनगरला त्यांची पद्धत भारतीय रूपात वापरत होते. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि हे काम पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत गेले. महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे ही साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा शिक्षिका पाड्यावर गेल्या आणि अंगणातच वर्ग भरला. भरणे, ओतणे, निवडणे, जागेवर ठेवणे ही घरात पसारा म्हणून ओळखली जाणारी कामे तिथे अभ्यासक्रम ठरली.

परंपरेनेही या वयाला गोंधळाची मुभा दिली आहे. संक्रांतीनंतर होणाऱ्या बोरनहाणात काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घातलेल्या मुलाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे आणि शेंगा ओततात. जमलेली मुले खाऊ लुटायला धावतात, आणि उत्सवमूर्ती अंगावरचा हलवा चाटत बसते. इथे डोळ्यांत तेल घालावे लागते. शेंगदाणा, फुटाणा किंवा बोराची बी श्वासनलिकेत अडकणे हा लहान मुलांत जिवावर बेतणारा अपघात आहे. नाणी, रिमोटमधले बटणाएवढे सेल आणि न्हाणीघरातली पाण्याने भरलेली बादली यांची गणनाही त्यातच होते. डोके जड असल्याने वाकलेले मूल बादलीत तोल जाऊन पडते आणि त्याला बाहेर निघता येत नाही. बाकी सर्व पसारा चालतो. या वस्तूंबाबत मात्र मोठ्यांची शिस्तच वरचढ राहायला हवी.

तिसऱ्या वर्षाच्या सुमारास दोन शिस्ती एकमेकींच्या जवळ येऊ लागतात. मूल पाळी येईपर्यंत थांबायला शिकते, मोडके केळे खाते, आणि पहिले खोटे बोलते. तोंडभर चॉकलेट माखून ‘मी नाही खाल्लं’ सांगणाऱ्याला समोरच्याच्या डोक्यात काय चालले आहे याचा अंदाज येऊ लागलेला असतो. आपले तोंड दिसते, एवढेच ध्यानात यायचे असते. मोठेपणी माणसाला साधारणपणे तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचे काही आठवत नाही. लिफ्ट, केळे आणि करडी पोळी हे सारे इतरांच्याच आठवणीत राहते, आणि पुढे भर पाहुण्यांत सांगितले जाते. ज्याच्याविषयी ते असते त्याला त्यातले काही पटत नाही, पण नाकारायला पुरावाही नसतो.