चालू आहे, पण बरं आहे का?

ठाकुर्लीजवळ सिग्नलला थांबलेल्या लोकलमध्ये दिवे, पंखे सगळं चालू असतं. गाडी मात्र जागची हलत नाही. ‘चालू आहे’ आणि ‘बरं आहे’ यांतला फरक आपण डोंबिवलीकर तिथेच शिकतो.

सॉफ्टवेअरचे कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सामान एकत्र बांधून दिलेला डबा. 2013 साली आलेल्या डॉकरला सुरुवातीला एवढंच कळायचं, की डब्यातला प्रोग्रॅम चालू आहे की बंद. 2016 मध्ये, 1.12 आवृत्तीत, ‘हेल्थचेक’ आला. वेगळं काही सांगितलं नसेल, तर तो दर 30 सेकंदांनी विचारपूस करतो आणि लागोपाठ तीनदा नीट उत्तर आलं नाही, तर कंटेनरवर ‘अनहेल्दी’चा शिक्का मारतो.

कल्याणच्या एका पॅथॉलॉजी लॅबची रिपोर्टची यंत्रणा मी घरून सांभाळतो. एका रात्री काउंटरवरच्या मुलाचा फोन आला, “दादा, लाल दिसतंय. रीस्टार्ट मारू का?”

“रिपोर्ट जातायत का?”

“जातायत की.”

“मग थांब, हात लावू नकोस.”

त्या वेळी आयसीयूतल्या पेशंटचे रिपोर्ट निघत होते. डॉक्टर त्यांची वाट बघत असताना यंत्रणा मध्येच बंद करणं परवडणारं नव्हतं. ‘डॉकर इन्स्पेक्ट’ शेवटच्या पाच तपासण्यांची उत्तरं दाखवतो. पाचही ठिकाणी एकच ओळ होती: ‘कर्ल’ सापडत नाही. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनी त्याच संध्याकाळी डबा हलका केला होता आणि ज्या ‘कर्ल’ने दार ठोठवायचं, तोच त्यातून काढला होता. घरातलं माणूस ठणठणीत होतं. विचारपूस करणाराच पोचत नव्हता.

असं पुष्कळदा होतं. प्रोग्रॅमला उठायला मिनिटभर लागतं आणि तपासणी त्याआधीच संपते. किंवा ‘लोकलहोस्ट’चा अर्थ तपासणारा आयपीव्ही6 असा घेतो आणि प्रोग्रॅम फक्त आयपीव्ही4 वर ऐकत बसलेला असतो. म्हणून लाल दिसलं, की आधी तपासणीचा प्रश्नच तपासावा.

पण खरी अडचण पुढे आहे. लोकलच्या मोटरमनकडे डेडमॅन हँडल असतं. हात सुटला, की ब्रेक लागतात. तिथे उत्तर न येण्याला परिणाम बांधलेला आहे. एकटा डॉकर मात्र शिक्का मारून गप्प बसतो, कंटेनर स्वतःहून रीस्टार्ट करत नाही. स्वॉर्म असेल तर तो कंटेनर बदलतो. कुबरनेटीस स्वतःच्या वेगळ्या तपासण्या लावतं. यांतलं काहीच नसेल, तर तो शिक्का कुणीतरी वाचावा लागतो.

आमच्याकडे त्या रात्री तो एका जाग्या मुलाने वाचला. त्यानं बटण दाबण्याआधी फोन केला, ही त्या रात्रीची सगळ्यात चांगली तपासणी. आता लाल झालं, की मला थेट मेसेज येतो. तरी त्या मुलाला मी सांगून ठेवलंय: मेसेज गेला असला तरी तू फोन करच.